वर्णगोंगाट, अंकीय छायाचित्रांतील

अपुऱ्या प्रकाशात घेतलेल्या अंकीय छायाचित्रात मूळ दृश्यात नसलेले तांबडे, हिरवे, निळे वा जांभळट ठिपके आणि डाग विखुरलेले दिसतात. या दोषास वर्णगोंगाट असे म्हणतात. ‘गोंगाट’ ही संज्ञा दूरध्वनी व रेडिओ अभियांत्रिकीतून आलेली असून इच्छित संकेतात मिसळणाऱ्या यदृच्छ चढउतारांना ती लावली जाते. छायाचित्रातील गोंगाटाचे दोन घटक मानतात. शेजारशेजारच्या चित्रबिंदूंच्या तेजस्वितेत कारणाविना पडणारा फरक म्हणजे दीप्तिगोंगाट. तो वाळूच्या कणांसारखा, जुन्या फिल्मवरील रवाळपणाशी मिळताजुळता दिसतो. रंगछटेत व रंगाच्या गडदपणात पडणारा फरक म्हणजे वर्णगोंगाट. दोन्हींचा उगम एकच असला, तरी त्यांचे निवारण सारखे सुलभ नाही. मानवी डोळा रंगातील सूक्ष्म तपशिलाबाबत फारसा चोखंदळ नसल्याने वर्णगोंगाट बराचसा पुसून टाकता येतो. मात्र ही क्रिया हरवलेली माहिती परत मिळविण्याची नसून तिच्याविषयी अनुमान करण्याची आहे. संपादन-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने काय साधते व काय साधत नाही, हे या भेदावर अवलंबून असते.

उगम : प्रकाश अखंड प्रवाहाच्या रूपात न येता फोटॉन या सुट्या ऊर्जाकणांच्या रूपात येतो. कॅमेऱ्यातील सिलिकनच्या संवेदकावर लक्षावधी प्रकाशसंवेदी घटक असतात व प्रत्येक घटक आपल्यावर पडलेल्या फोटॉनांच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन साठवितो. पावसाच्या सरीत शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या भांड्यांत थेंबांची संख्या तंतोतंत सारखी पडत नाही, त्याप्रमाणे सारख्या उजळ पृष्ठाकडून येणारे फोटॉनही दोन शेजारी घटकांवर सारख्या संख्येने पडत नाहीत. हा फरक संख्याशास्त्रातील प्वासाँ वंटनानुसार असतो. सरासरी संख्येचे वर्गमूळ म्हणजे त्याचे प्रमाण विचलन होय. एका घटकात ४०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर विचलन २०० म्हणजे केवळ ०.५% असते, १०० जमले तर १० म्हणजे १०% आणि २५ जमले तर ५ म्हणजे २०% असते. भर उन्हात सु. १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात तो सु. ०.२५ लक्स इतकाच असतो. यावरून रात्रीच्या चित्रातच गोंगाट का डोळ्यांत भरतो, हे स्पष्ट होईल. हा गोंगाट प्रकाशाच्या स्वरूपातच असल्याने कितीही उत्तम संवेदक वापरला, तरी तो पूर्णपणे टळत नाही.

याशिवाय उपकरणातून उद्भवणारा गोंगाटही असतो. साठलेला विद्युत् भार मोजणाऱ्या व विवर्धित करणाऱ्या मंडलांत काही इलेक्ट्रॉनांइतकी चूक होते. तिला वाचनगोंगाट म्हणतात. संवेदकात उष्णतेमुळे प्रकाशाविनाही इलेक्ट्रॉन मुक्त होतात. या अप्रकाशी प्रवाहाचे मूल्य साधारणतः दर ६ ते ८° से. तापमानवाढीस दुप्पट होते. त्यामुळे उन्हाळ्यातील रात्री दीर्घकाळ उद्भासन दिल्यास (संवेदकावर प्रकाश पडू दिल्यास) काही सदोष घटक ठरावीक जागी तांबडे, निळे वा पांढरे टिंब म्हणून उमटतात. त्यांची जागा बदलत नसल्याने ते ओळखून काढणे त्या मानाने सोपे असते.

कॅमेऱ्यावरील आयएसओ अंक वाढविल्याने गोंगाट निर्माण होतो, अशी समजूत आढळते. ती अर्धवट खरी आहे. हा अंक वाढविल्याने संवेदकावर अधिक प्रकाश पडत नाही, तर मिळालेला अल्प संकेत मोठा करून दाखविला जातो. संकेताबरोबर त्यातील चूकही तितक्याच पटीने मोठी होते. गोंगाटाचे मूळ कारण प्रकाशाची टंचाई हेच होय.

रंगांची उत्पत्ती : सिलिकनच्या घटकास केवळ प्रकाशाची राशी कळते, रंग कळत नाही. यासाठी प्रत्येक घटकावर तांबडी, हिरवी वा निळी गाळणी बसवितात. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी आखलेल्या व १९७६ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत निम्मे घटक हिरव्या, एक चतुर्थांश तांबड्या व एक चतुर्थांश निळ्या गाळणीखाली असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत हीच रचना किंवा तिचे रूपांतर वापरतात. प्रत्येक जागी तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजला जातो आणि उरलेले दोन शेजारच्या घटकांवरून गणिताने भरून काढले जातात.

करड्या कापडाच्या चित्रात तिन्ही रंगांची मूल्ये समान यावयास हवीत; परंतु तिन्ही मापनांतील चुका परस्परांपासून स्वतंत्र असतात. एका जागी तांबडे व निळे मूल्य थोडे अधिक आणि हिरवे थोडे उणे आले, की तेथे जांभळट ठिपका दिसतो; उलट झाले की हिरवट दिसतो. रंग भरून काढण्याच्या क्रियेत एका घटकातील चूक आसपासच्या चित्रबिंदूंत पसरते, म्हणून वर्णगोंगाट सुट्या टिंबांऐवजी बहुधा पुंजक्यांच्या रूपात आढळतो.

पिवळसर दिव्यांच्या उजेडात हा दोष अधिक तीव्र होतो. तापतंतूच्या दिव्याचे वर्णतापमान सु. २,८०० केल्व्हिन असते आणि त्याच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो. समजा, अशा प्रकाशात पांढऱ्या भिंतीवरून तांबड्या घटकास १०० व निळ्यास २५ इलेक्ट्रॉन मिळाले. भिंत पांढरी दिसावी म्हणून निळे मूल्य चौपट करावे लागते. त्यासरशी त्यातील ५ ची चूक २० होते, तर तांबड्यातील चूक १० च राहते. या कारणाने घरगुती समारंभ, देवळांचे गाभारे, समईच्या उजेडातील पूजा यांच्या चित्रांत सावलीच्या भागांत निळसर-जांभळे डाग विशेषत्वाने दिसतात. चित्र पुढे जेपीईजी स्वरूपात साठविल्यास त्याचे चौकोनी ठोकळ्यांत संक्षेपण होते आणि हे डाग अधिक ठळक व हट्टी बनतात.

दृष्टी व वर्ण : डोळ्यातील जालपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकू कोशिका असतात. त्यांपैकी लघुतरंगांना (निळ्या प्रकाशाला) संवेदी असलेल्या शंकूंचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते व जेथे दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते, त्या केंद्रभागाच्या मध्यावर ते जवळजवळ नसतातच. काळ्यापांढऱ्या बारीक रेषा एका अंशात सु. ५० ते ६० जोड्यांपर्यंत वेगळ्या ओळखता येतात. परंतु केवळ रंगाने भिन्न असलेल्या, सारख्याच उजळ तांबड्या-हिरव्या रेषा सु. १० ते १२ जोड्यांपलीकडे एकमेकींत मिसळून दिसतात. म्हणजेच आकार, कडा व पोत यांचे ज्ञान मुख्यतः दीप्तीतून होते आणि रंग त्यावर ढोबळपणे भरलेला असला, तरी डोळ्याची तक्रार नसते.

या गुणधर्माचा उपयोग अंकीय छायाचित्रणाच्या पूर्वीपासून होत आला आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये मान्य झालेल्या रंगीत दूरचित्रवाणी पद्धतीत दीप्ती संकेतास सु. ४.२ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा दिला होता, तर दोन वर्ण संकेतांना अनुक्रमे सु. १.३ व ०.५ मेगॅहर्ट्‌झ पुरेसे मानले होते. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपीईजी पद्धतीतही बहुधा रंगाची माहिती लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी निम्म्या सूक्ष्मतेने साठवितात. वर्णगोंगाटाचे निवारणही याच सवलतीवर आधारलेले आहे.

निवारणाचे तत्त्व : प्रथम तांबडा, हिरवा व निळा ही तीन मूल्ये मिसळून चित्राचे दीप्ती आणि दोन वर्णघटक असे विभाजन करतात. एका प्रचलित प्रमाणकानुसार दीप्तीत हिरव्याचा वाटा सु. ५९%, तांबड्याचा ३०% व निळ्याचा ११% धरतात. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ मध्ये स्वीकारलेल्या लॅब या वर्णपद्धतीतही एक घटक उजळपणाचा, दुसरा हिरवा-तांबडा व तिसरा निळा-पिवळा असा असतो. यानंतर दीप्तीस हात न लावता केवळ वर्णघटकांत शेजारच्या चित्रबिंदूंची सरासरी काढतात. परस्परस्वतंत्र अशा २५ मूल्यांची सरासरी घेतल्यास यदृच्छ चूक एक पंचमांश होते. दीप्तीच्या बाबतीत इतकी व्यापक सरासरी घेतल्यास केस, पापण्या, विणकामाचा पोत हे सर्व पुसले जाईल. वर्णघटकांत मात्र ती घेतल्यास पाहणाऱ्याला फरक क्वचितच जाणवतो.

तथापि ही सवलत अमर्याद नाही. रंगीत वस्तूच लहान असेल, तर सरासरीत तिचा रंग आसपासच्या रंगात विरतो. कपाळावरील कुंकवाची टिकली तपकिरी दिसू लागते, पैठणीच्या काठावरील बारीक रंगीत नक्षी फिकी पडते आणि दूरच्या दिव्यांचे रंग नाहीसे होतात. कडेच्या दोन बाजूंचे रंग एकमेकांत झिरपतात. ओठांचा तांबूसपणा गालावर उतरतो. वर्णनिवारणाची अतिरेकी मात्रा दिल्याची ही ठळक लक्षणे आहेत.

पद्धतींचा विकास : साध्या सरासरीचे दोष टाळण्यासाठी क्रमाक्रमाने अधिक चतुर पद्धती पुढे आल्या. मध्यक गाळणीत सरासरीऐवजी शेजारच्या मूल्यांचा मध्यक घेतात. एकाकी रंगीत टिंबे काढण्यास ती उपयुक्त ठरते. सी. टोमासी व आर. मंडुची यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या द्विपार्श्वी गाळणीत जवळच्या व मूल्यानेही मिळत्याजुळत्या चित्रबिंदूंनाच अधिक भार देतात. त्यामुळे कडेपलीकडचे रंग सरासरीत मिसळत नाहीत. डी. डोनोहो व आय. जॉन्स्टन यांच्या १९९४ मधील कार्यानंतर तरंगिका पद्धतीचा प्रसार झाला. तीत चित्राचे लहानमोठ्या प्रमाणांवरील तपशिलांत पृथक्करण करून ठरावीक मर्यादेखालील चढउतार दाबून टाकतात. वर्णगोंगाटाचे मोठे, पसरट डाग लहान क्षेत्रावरील सरासरीने जात नसल्याने असे अनेक प्रमाणांवरील पृथक्करण येथे विशेष उपयोगी पडते. ए. ब्वादेस, बी. कोल व जे.-एम. मोरेल यांनी २००५ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत चित्रात अन्यत्र असलेले सदृश तुकडे शोधून त्यांची सरासरी घेतात. विटांची भिंत किंवा विणलेले कापड यांसारख्या पुनरावृत्त रचनांत तिचे फळ चांगले मिळते. गोंगाटाचे प्रमाण उजळपणानुसार बदलत असल्याने सर्व भागांस एकच माप लावणे चुकीचे ठरते. एफ. जे. अँस्कॉम यांनी १९४८ मध्ये दिलेल्या गणिती रूपांतरामुळे हा फरक जवळजवळ समान करून घेता येतो. डार्कटेबलसारखे मुक्त सॉफ्टवेअर यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचे, प्रत्येक आयएसओ अंकास मोजलेले गोंगाटाचे तक्ते वापरते.

संपादनाची कार्यपद्धती : फोटोशॉप या सॉफ्टवेअरच्या २००५ मधील आवृत्तीत गोंगाट कमी करणारी स्वतंत्र गाळणी देण्यात आली व तीत वर्णगोंगाटासाठी वेगळे नियंत्रण ठेवण्यात आले. २००७ मध्ये आलेल्या लाइटरूममध्ये तसेच रॉथेरपी, डार्कटेबल या मुक्त सॉफ्टवेअरांतही दीप्ती व वर्ण यांची नियंत्रणे वेगवेगळी असतात. लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडल्यावर वर्णनिवारणाचे मूल्य मुळातच २५ धरलेले असते, तर नेहमीच्या दीप्तिनिवारणाचे शून्य. वर्णनिवारण सहसा निर्धोक, पण दीप्तिनिवारण पाहून-जोखून करावयाचे, असा संकेत यातून मिळतो.

निवारणासाठी शक्यतो रॉ फाइल, म्हणजे संवेदकाची असंपादित मापने, वापरावी. जेपीईजीमध्ये गोंगाटाचे मूळ संख्याशास्त्रीय स्वरूप संक्षेपणामुळे बिघडलेले असते. चित्र पडद्यावर १०० टक्के आकारात पाहून सावलीचा एखादा सपाट भाग निवडावा आणि रंगीत डाग जेमतेम नाहीसे होईपर्यंत वर्णनियंत्रण वाढवावे. त्यानंतर लहान रंगीत वस्तू व कडा तपासून रंग फिका पडला असल्यास मात्रा कमी करावी. पसरट डाग उरल्यास मात्रा वाढविण्याऐवजी मोठ्या प्रमाणावरील नितळपणाचे नियंत्रण वापरणे इष्ट असते. दीप्तिगोंगाट थोडा राहू द्यावा. तो पूर्ण काढल्यास त्वचा मेणासारखी दिसते. रेखीवपणा वाढविण्याची क्रिया निवारणानंतर करावी, अन्यथा ठिपकेच रेखीव होतात. चित्र लहान आकारात छापावयाचे असल्यास आकार घटविण्यानेही गोंगाट कमी होतो : चार चित्रबिंदूंचा एक केला, की यदृच्छ चूक निम्मी होते.

अजिंठ्याचे उदाहरण : या प्रश्नाचे गांभीर्य अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या छायाचित्रणात चांगले दिसून येते. चित्रांच्या रक्षणासाठी तेथे झोतदिव्याचा वापर निषिद्ध असून लेण्यांच्या अंतर्भागात प्रकाश मंद असतो. चित्रांतील बहुतेक रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी यांपासून केलेले असल्याने मातकट व उबदार छटांचे आहेत. निळ्यासाठी मात्र लाजवर्द या मौल्यवान खनिजाचा उपयोग केला असून तो मोजक्या जागी आढळतो. उबदार मंद उजेडात निळ्या घटकांचे मापन सर्वांत दुबळे असते, हे वर आलेच आहे. अशा चित्रात सावलीतील खोटा निळा डाग आणि लाजवर्दाचा खरा निळा कण संगणकाला सारखेच दिसू शकतात. वर्णनिवारणाची मात्रा वाढविल्यास दोन्ही पुसले जातात, आणि पाहणाऱ्यास चित्र अधिक स्वच्छ झाल्याचाच भास होतो. प्रवाशाच्या संग्रहातील चित्रात यामुळे काही बिघडत नाही. परंतु रंगद्रव्यांच्या अभ्यासासाठी वा जतनाच्या नोंदीसाठी घेतलेल्या चित्रात हीच स्वच्छता दिशाभूल करणारी ठरते. अशा कामी तिपाई वापरून उद्भासनाचा काळ वाढविणे, मूळ रॉ फाइल जपणे व केलेल्या संस्करणाची नोंद ठेवणे हेच योग्य होय.

चित्रण-समयीची दक्षता : सॉफ्टवेअरपेक्षा अधिक प्रकाश हा नेहमीच श्रेष्ठ उपाय असतो. भिंगाचे छिद्र मोठे ठेवणे, स्थिर दृश्यासाठी तिपाई वापरणे आणि उजळ भाग वाया जाणार नाहीत इतपत भरपूर उद्भासन देणे, यांनी मापनातील चूक मुळातच घटते. काळोखे चित्र घेऊन ते नंतर उजळविल्यास सावलीतील वर्णगोंगाट उघडा पडतो. एकाच दृश्याची अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर नेमकी जुळवून सरासरी काढल्यास तपशील न गमावता गोंगाट कमी होतो. १६ चित्रांच्या सरासरीत तो एक चतुर्थांश उरतो. या तत्त्वावरील रात्रचित्रणाची सोय २०१८ च्या सुमारास भ्रमणध्वनींत रूढ झाली. हलणाऱ्या विषयास मात्र ती नीट लागू पडत नाही. दीर्घ उद्भासनात कॅमेरा झडप बंद ठेवून तितक्याच काळाचे दुसरे, अंधारे चित्र घेतो व पहिल्यातून वजा करतो. ३० सेकंदांच्या चित्रास त्यामुळे आणखी ३० सेकंद लागतात, परंतु उष्णतेने उमटलेली ठरावीक रंगीत टिंबे निघून जातात.

कृत्रिम बुद्धिमत्ता व मर्यादा : २०१७ च्या सुमारापासून तंत्रिका जालांवर आधारित पद्धतींनी या क्षेत्रात मोठी मजल मारली आणि २०२३ मध्ये लाइटरूममध्येही अशी सोय आली. गोंगाटयुक्त व स्वच्छ चित्रांच्या असंख्य जोड्यांवरून हे जाल शिकते आणि नव्या चित्रातील डागांमागे काय असावे हे सुचविते. पूर्वीच्या पद्धतींत तपशील पुसला जाण्याची भीती होती. येथे नसलेला तपशील भरला जाण्याची शक्यता असते. चेहऱ्याची त्वचा, पाने, केस यांत भरलेला पोत नैसर्गिक वाटतो, पण वाहनाच्या अस्पष्ट क्रमांकातील अंक वा शिलालेखातील अक्षर याच रीतीने ‘स्पष्ट’ झाल्यास त्यावर विसंबता येत नाही.

माहितीच्या या मर्यादेचा विचार बराच जुना आहे. ए. रोझ यांनी १९४८ मध्ये दाखविल्यानुसार, चित्रातील एखादी बाब खात्रीने ओळखता येण्यासाठी तिचा संकेत गोंगाटाच्या सु. पाचपट तरी असावा लागतो. त्याहून कमी प्रकाश पोहोचला असेल, तर कोणतेही संस्करण केवळ शक्यता सांगू शकते. न्यायालयीन पुरावा, वैद्यकीय प्रतिमा व वैज्ञानिक मापने यांत म्हणूनच मूळ फाइलला महत्त्व असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबतच्या प्रमाणपत्रात त्याचे हॅश मूल्य (आशयावरून काढलेली गणिती ओळखखूण) नमूद करावे लागते. गोंगाट काढून साठविलेल्या फाइलचे हे मूल्य मूळ फाइलपेक्षा वेगळे येते, कारण ती आता वेगळी फाइल असते. संस्करण मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करणे आणि मूळ फाइल जशीच्या तशी राखणे, हा नियम हौशी छायाचित्रकारासही तितकाच उपकारक आहे. कारण निवारणाच्या पद्धती सुधारत जातात आणि जपून ठेवलेल्या मूळ मापनांवर पुढे अधिक चांगली पद्धत योजता येते.